अडीच ते साडेपाच

"...आणि मी मागे वळून बघतो, तर ही गायब!"

दादांनी इथे टाळी वाजवली. ही टाळी आता किस्स्यात पक्की बसली होती. परदेशातून परतून चारच दिवस झाले होते आणि किस्सा चौथ्यांदा चालू होता. पहिल्यांदा विमानतळावर मुलाला, मग समोरच्या कागदवाल्याला, मग फोनवर थोरल्या बहिणीला, आणि आज रविवारी, जेवणं उरकल्यावर, त्याच बहिणीला समोर बसवून पुन्हा. ही बहीण म्हणजे घरातल्या सगळ्यांची आत्या. फोनवर माणसाचा चेहरा दिसत नाही आणि सहलीचे फोटो तर मुळीच दिसत नाहीत, म्हणून दुखरे गुडघे घेऊन ती दोन बस बदलून आली होती.

"गायब म्हणजे कशी?" आत्याने विचारलं. उत्तर तिला पाठ होतं, पण भावाचा हिरमोड कशाला करा.

"गायब म्हणजे गायब, अक्का. मोठा चौक, मधे कारंजं. आम्ही बावीस जण. आमची ती गाईड, हातात पिवळी छत्री, कोंबडीची पिल्लं मोजावीत तशी आम्हाला मोजतेय. एकवीस! पुन्हा मोजलं, एकवीस! वाजले किती? अडीच. आणि ही सापडली कधी? साडेपाच! तीन तास अक्का, परक्या मुलखात, ना भाषा, ना पत्ता, ना हिच्याकडे फोन."

"आणि सापडली कुठे?"

"त्याच कारंज्यापाशी. बाजारातून भाजी घेऊन यावी तशी आली आपली चालत. विचारलं, कुठे होतीस? तर म्हणे, वाट चुकले."

सगळे हसले. आत्याला तर ठसका लागला. जिच्यावर हा किस्सा होता ती आई मात्र हसली नाही. तिने रिकाम्या वाट्या एकात एक घातल्या आणि चहा टाकायला आत गेली. ती जाताना दादांनी हसणं थांबवून तिच्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. हे फक्त सुनेला दिसलं. सून हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांच्या आतलं बघून बघून तिला बाहेरचंही बारीक बघायची खोड लागली आहे.

"बरं, फोटोंचं काय ते लवकर आटपा," मुलगा म्हणाला. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. "पाचला गाडी येईल चौकट न्यायला."

चौकटीचं नाव निघताच आत्या खुर्चीत जरा सावरून बसली.

खाली बाइंडिंगचा कारखाना आणि वर संसार, असं हे घर तीन पिढ्या चालत आलं आहे. दादांच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने एक लाकडी चौकट बनवली होती. खाली जाड फळी, दोन बाजूंना दोन खांब, वर आडवा दांडा. दांड्यापासून फळीपर्यंत दोऱ्या ताणायच्या आणि छापून घडी घातलेले फर्मे एकावर एक ठेवत त्या दोऱ्यांभोवती सुईने शिवत जायचं. या चौकटीवर आजोबा बसले, मग त्यांचा मुलगा, मग दादा. दोन वर्षांपूर्वी दादांची बोटं थरथरायला लागली. आता शिवण मशीनवर होते, मशीन मुलगा बघतो, म्हणून दादा त्याला 'मॅनेजर' म्हणतात. चौकट कोपऱ्यात जागा अडवून बसली होती. एका हॉटेलवाल्याने ती आपल्या दिवाणखान्यात शोभेला मागितली आणि सहलीला निघायच्या आधी दादा म्हणाले होते, "घेऊन जाऊ दे." आता ती खाली दाराशी जुन्या चादरीत गुंडाळून उभी होती.

"शोभेला का होईना, चार लोक बघतील," आत्या म्हणाली. "आमच्या वडिलांची जागा होती ती. घरातल्या एका बाईने कधी तिला बोट लावलं नाही."

आत स्वयंपाकघरात हे शब्द ऐकू गेले.

* * *

पाण्याला आधण यायला वेळ होता. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीनला दहा कमी.

चार दिवस ती एकच वाक्य तोंडात घोळवत होती. 'चौकट देऊ नका.' एवढंच. पण ते बोललं की पुढे 'का?' येणार, आणि त्या 'का'चं उत्तर तिच्या कपाटात, जाड शालीखाली ठेवलेलं होतं.

एका बाईने कधी बोट लावलं नाही, हे काही खरं नव्हतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी पुरुषमाणसं बाहेर गेली असताना ती चौकटीवर बसली होती. या घरात बायका फर्मे दुमडतात, खळ शिजवतात, पानं लावतात. शिवतात ते पुरुष. असं का, हे कुणी विचारलेलं नाही. तिने दीड वर्ष खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून, हाडाच्या पट्टीने घड्या घालत, नवऱ्याचे हात बघितले होते. त्या दुपारी तिने पाच फर्मे शिवले. सरळ शिवले. सहावा हातात असताना सासरे आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पातं घेतलं, पाचही फर्मे उसवले आणि तिला उभं ठेवून तेच पाच फर्मे पुन्हा शिवले. दादाही त्यांच्याबरोबर परतले होते आणि तिथेच उभे होते, हातात खळीचं भांडं घेऊन. ते एक शब्द बोलले नाहीत. नंतर घरी, म्हणजे वर, खोलीतही बोलले नाहीत. मग ते बोलणं राहूनच गेलं, आणि ती एकेचाळीस वर्षं स्टुलावर बसून घड्या घालत राहिली.

सहलीचं म्हणाल तर पहिले चार दिवस तिला घरी कधी जातो असं झालं होतं. गादी इतकी मऊ की कंबर धरली. चहा म्हणजे कोमट पाणी. एक राजवाडा बघून झाला की दुसरा राजवाडा, आणि दुसऱ्यातही तेच झुंबर. पाय सुजले. दादा प्रत्येक गोष्टीला 'आपल्याकडे बरं' म्हणत होते, ते वेगळंच. पण सकाळी खोलीच्या खिडकीत उभं राहिलं की तिला खाली बाकावर एकेकट्या बसलेल्या बायका दिसायच्या. काही काम नाही, कुणाची वाट बघणं नाही, नुसत्या बसलेल्या. दादा हाक मारेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहायची.

पाचव्या दिवशी कारंज्यापाशी गाईड कुठल्याशा राजाची गोष्ट सांगत होती. आई पाय मोकळे करायला बाजूच्या गल्लीत शिरली, आणि तिला वास आला. शिजवलेल्या खळीचा वास. तो वास जगात कुठेही आला तरी ती ओळखेल. वासामागून ती एका उघड्या दारापाशी पोचली. आत लाकडी दाबयंत्र, घरच्यासारखीच शिवायची चौकट, कागदांच्या चवडी, आणि तिच्याच वयाची एक बाई घड्या घालत बसलेली. केस आखूड कापलेले, कमरेला एप्रन, एप्रनवर खळ वाळून झालेले पांढरे डाग. त्या बाईने काहीतरी विचारलं. आईला कळलं नाही. काय करावं सुचेना, म्हणून तिने आपला उजवा अंगठा पुढे केला. हाडाची पट्टी धरून धरून त्यावर एक घट्टा पडला आहे. बाईने तो बघितला आणि आपला अंगठा शेजारी धरला. तिथेच, तेवढाच घट्टा.

मग स्टूल पुढे आलं. पट्टी हातात आली. आईने तासभर... नाही, तेवढा नसेल, थोडाच वेळ घड्या घातल्या. त्या बाईने घड्या उलटून बघितल्या, ओठ मुडपून मान डोलावली आणि चौकटीकडे बोट केलं. आईने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. बाईने खांदे उडवले आणि आपल्या कामाला लागली. बसायचं तर बस, नाही तर राहू दे. आईला परवानगीची सवय होती, आणि नकाराचीही. हे असलं तिसरं काही तिने बघितलं नव्हतं. ती बसली.

आठ फर्म्यांची एक कोरी वही. शिवून झाली, कण्याला खळ लागली, पुठ्ठा चढवायला वेळ राहिला नाही. बाईने ती कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. कारंजं एका गल्लीवर होतं. आई हरवली वगैरे मुळीच नव्हती.

पण 'कुठे होतीस?' या प्रश्नाला तिच्या तोंडून 'वाट चुकले' असं निघून गेलं. आणि आता दर टाळीला तिला वाटत होतं, हे माझ्या त्या तीन तासांची थट्टा करतायत. जगात मला तेवढीच एक दुपार मिळाली आणि तिचाही विनोद झाला.

आधण आलं. तिने चहा पावडर टाकली.

* * *

फोटो टीव्हीवर लावायचं काम सुनेकडे होतं. दादांचा फोन तिच्या हातात होता आणि ती एकेक फोटो पुढे सरकवत होती.

"हा डोंगर. बर्फ खरं आहे, मी हात लावून बघितला."

"तुझा अंगठा आलाय मधे," आत्या म्हणाली.

"अंगठ्याचं सोड. हा बघ, तिथला नाश्ता. ब्रेड. सकाळी ब्रेड, दुपारी ब्रेड, आणि संध्याकाळी जरा बदल म्हणून लांबट ब्रेड."

"हे काय, माणसं पाठमोरी का सगळी?"

"पुढून काढले तर त्यांना काय वाटेल! परकी माणसं. हां, हे त्यांचं ग्रंथालय. इथे मला त्या रखवालदाराने हटकलं."

"काय केलंत दादा?" मुलाने विचारलं.

"काही नाही रे मॅनेजर. एक जुनं पुस्तक जरासं बाहेर ओढून कणा बघितला. शिवण कशी केलीय ते नको बघायला? तो असा धावत आला, जसा मी खिशातच घालणार होतो. पण शिवण सुंदर होती, अक्का. तीनशे वर्षांची, आणि एक दोरा हललेला नाही."

आपल्या बोटांकडे बघून दादांनी ती मांडीखाली घातली.

पुढचा फोटो कारंज्याचा. सहलीची सगळी मंडळी, पिवळी छत्री, कडेला आई, कंटाळलेली. त्यापुढचा फोटो अंधुक होता. एक गल्ली, समोर एक काच, काचेत उजेडाचे तुकडे.

"हा कसला?"

"चुकून दाबला गेला," दादा घाईने म्हणाले. "पुढे घे."

पुढचाही तोच. त्यापुढचाही तोच.

"तीनदा चुकून?" आत्या म्हणाली. "तुझं बोट भलतंच आगाऊ आहे."

"घे गं पुढे, तो तळ्याचा लाव. तळं छान आलंय."

सुनेने टीव्हीवर तळं लावलं, पण फोन तिच्याच हातात होता. आत्या तळ्यातल्या बदकांना नावं ठेवत होती तोवर तिने मागे जाऊन वेळा बघितल्या. कारंजं, दोन वाजून वीस मिनिटं. पहिली काच, तीन वाजून दहा. दुसरी, चार वाजून पाच. तिसरी, पाच. तिने पहिला फोटो बोटांनी ताणून मोठा केला. काचेमागे एक लाकडी चौकट दिसली. चौकटीमागे वाकलेली मान, मानेवर अंबाडा, आणि खांद्यावर तो राखाडी स्वेटर, जो निघायच्या आदल्या दिवशी तिनेच सासूला आणून दिला होता.

तिसऱ्या फोटोत काचेवर कुणाचं तरी प्रतिबिंब पडलं होतं. कानटोपी घातलेलं.

मुलाचा फोन वाजला. "हां, बोला... आत्ताच? बरं, या." तो उठला. "गाडी लवकर येतेय. दहा मिनिटांत."

"मी जरा चादर नीट बांधतो," म्हणून दादा जिना उतरले. चहाचा कप घेऊन सून त्यांच्या मागोमाग गेली.

* * *

खाली कारखान्यात रविवारची शांतता होती. मशीनवर कापड घातलेलं होतं. दादा चौकटीजवळ उभे होते आणि बांधलेली चादर सोडत होते, पुन्हा बांधत होते.

"दादा, चहा."

"ठेव तिथे."

"तीन दहाला आई तुम्हाला सापडल्या होत्या."

दादांचे हात थांबले. नाकारावं की चिडावं, हे त्यांचं ठरेना. शेवटी ते बायकोच्या स्टुलावर बसले. ते फार बुटकं होतं, त्यांचे गुडघे छातीशी आले.

"मोठा करून बघितलास होय फोटो. तुझ्यापुढे काही लपत नाही बाई."

"आत का नाही गेलात?"

दादांनी कपाकडे बघितलं, उचलला नाही. थरथरत्या हाताने कप उचलायचा तर समोर कुणी नको असतं त्यांना.

"गेलो होतो. दारापर्यंत गेलो होतो," ते म्हणाले. "चांगलं खडसावणार होतो. अख्ख्या गावातून धावलो होतो गं मी. पोलिसापुढे हातवारे केले. आणि काचेतून बघतो तर ही चौकटीवर. दोऱ्याला मेण लावतेय. मग तिने दोरा ओढला आणि... हसली. कुणाकडे बघून नाही. दोऱ्याकडे बघून."

"मग?"

"मग काय? एकेचाळीस वर्षं ही माझ्यासमोर याच स्टुलावर बसली. मी हा चेहरा कधी बघितला नव्हता. आत गेलो असतो तर तो गेला असता. म्हणून थांबलो पलीकडे. थंडी होती. दोन तास वीस मिनिटं थांबलो. ती कागद गुंडाळायला लागली तसा मागच्या गल्लीने पळत कारंज्यापाशी आलो, आणि तिने येऊन मला खोटं सांगितलं."

सासऱ्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला आपल्या घरातल्या समारंभाचं बोलावणं नसावं, तसा आवाज होता.

"मग तुम्ही सांगा ना त्यांना, बघितलं म्हणून."

"तिने सांगायला हवं. म्हणून तर मी हा किस्सा सांगत सुटलोय. मुद्दाम खोटा सांगतो. कधीतरी चिडून म्हणेल, अहो, असं नव्हतं झालं. पण ती उठून चहाच टाकायला जाते!"

"आणि चौकट?"

"मागितली तर गाडी परत पाठवीन."

"आणि नाही मागितली तर?"

दादांनी चादरीचं टोक ओढून सारखं केलं.

"दादा, त्यांना वाटतंय तुम्ही हसताय त्यांना," सून म्हणाली. आणि मग, "एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही मागितली नाही का हो?"

हा प्रश्न तिने साधाच विचारला होता. पण दादांचा चेहरा एकदम उतरला. त्यांना हातातलं खळीचं भांडं आठवलं, पात्याचा आवाज आठवला, आणि पाच फर्मे पुन्हा शिवले जात असताना आपण भांड्यातली खळ ढवळत उभे राहिलो होतो, हे आठवलं. ढवळायची काही गरज नव्हती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

* * *

दोन माणसं आत आली. त्यांनी चौकटीला एकदा खांबाकडून, एकदा फळीकडून हात लावून वजनाचा अंदाज घेतला. मुलगा मधे उभा राहून "सांभाळून, जुनी आहे" म्हणत होता. जिन्यावरून कठडा धरत, प्रत्येक पायरीला "आई गं" करत आत्या उतरली. तिला वडिलांची चौकट जाताना बघायची होती.

सून मात्र उलट वर धावली. स्वयंपाकघरात आई चहाची भांडी विसळत होती. नळ जोरात सोडलेला होता.

"आई, हे बघा."

"नंतर बघते. हात ओले आहेत."

"आत्ताच बघा."

आईने हात पुसले, चष्मा लावला. फोनवर गल्ली होती, काच होती. काचेमागे ती होती. आपली वाकलेली मान माणसाला कधी दिसत नाही, त्यामुळे ओळखायला तिला वेळ लागला. मग तिने स्वेटर ओळखला.

"कुणी काढला हा?"

"दादांनी. तीन दहाला. आणि हा पाचला काढलाय. काचेत टोपी दिसतेय ना?"

आई टोपीकडे बघत राहिली. "तेव्हापासून उभे होते?"

"हो."

"स्वतःचा स्वेटर इथे खुर्चीवर विसरून गेले होते सहलीला," आई म्हणाली. "नुसत्या शर्टावर होते." आणि तिचे डोळे भरून आले.

ती खोलीत गेली, कपाट उघडलं, शाल बाजूला केली. खाली येऊन पोचली तेव्हा चौकट उचललेली होती आणि पुढचा माणूस उंबऱ्यापर्यंत गेला होता.

"खाली ठेवा," आई म्हणाली.

या कारखान्यात तिने कुणाला काही सांगायची ही पहिलीच वेळ. माणसांनी मुलाकडे बघितलं. मुलाने दादांकडे बघितलं. दादा स्टुलावरून उठायला लागले, पण ते इतकं बुटकं होतं की पटकन उठता येईना.

"आई, अगं शब्द दिलाय मी त्यांना," मुलगा म्हणाला.

"शब्द तू दिलास. मला विचारलं नव्हतंस."

"तुला... तुला कशाला लागते चौकट?"

आई दादांसमोर गेली आणि कागदात गुंडाळलेली वही तिने त्यांच्या मांडीवर ठेवली. दादांनी कागद सोडवला. पुठ्ठा नव्हता, त्यामुळे कण्यावरची शिवण उघडी होती, एकूणएक टाका दिसत होता. दादांनी वही उजेडाकडे धरली. बोटं थरथरत होती, पण अंगठा कण्यावरून फिरायला लागला तशी थरथर कमी झाली. पन्नास वर्षांची सवय होती ती. पहिला फर्मा, दुसरा, तिसरा. तिसऱ्यापाशी अंगठा थांबला.

"इथे दोरा ढिला आहे," ते म्हणाले.

सुनेने डोळे मिटून घेतले. या माणसाला आत्ता हेच सुचावं!

"माहीत आहे," आई म्हणाली. "मग उसवा. घरात पद्धतच आहे ती."

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो आळीपाळीने दोघांकडे बघत होता. आत्याला माहीत होतं. तिने दाबयंत्राला टेकून हात बांधले.

"नाही उसवणार," दादा म्हणाले. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तुझे पाचही सरळ होते. मी बघितले होते. बाबांनी शिवले त्याहून सरळ होते."

"मग आत्ता सांगताय?"

"आत्ता सांगतोय."

आईने ओठ घट्ट मिटले. एवढं एक वाक्य ऐकायला एकेचाळीस वर्षं गेली होती, आणि ते मिळालं तेव्हा तिला आनंद व्हायच्या आधी त्या गेलेल्या वर्षांचंच वाईट वाटलं.

"आणि तुम्ही दोन तास थंडीत उभे राहिलात. एकदा काच वाजवायची होती."

"वाजवली असती तर आत घेतलं असतंस?"

आईने खरं ते सांगितलं. "माहीत नाही."

तेवढ्यात गाडीवाला म्हणाला, "साहेब, न्यायचं काय ते सांगा. मालक विचारतील मला."

"काय सांगू मी हॉटेलवाल्याला?" मुलगा वैतागून म्हणाला. "आत्या, तूच समजाव आता. तूच म्हणत होतीस ना, बायकांनी कधी बोट लावलं नाही म्हणून?"

आत्याने भावजयीकडे बघितलं, मग चौकटीकडे.

"मी लावलं होतं," ती म्हणाली. "हिच्याही आधी. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. माझे दोनच फर्मे झाले होते." तिने नाक ओढलं. "त्या हॉटेलवाल्याला सांग, चौकट वापरात आहे म्हणावं. शोभेला दुसरं काहीतरी बघ."

माणसांनी चौकट खाली ठेवली.

* * *

मुलगा गाडीवाल्याला घालवायला गेला, जाताना बडबडत गेला, पण चादर त्यानेच काढून घेतली. आत्याला सुनेने वर नेलं. फोटो अजून पाचपन्नास उरले होते.

आईने चौकट खिडकीशी ओढून घेतली. फळीवरची धूळ पुसली, दांडा फिरवून दोऱ्या ताणल्या, बोटाने छेडून बघितल्या. दादा स्टुलावरून उठलेच नव्हते. त्यांनी शेजारच्या गठ्ठ्यातले कोरे ताव पुढे घेतले, हाडाची पट्टी उचलली आणि पहिली घडी घातली.

ते बघत होते. चौकट आली, तर तो चेहराही येईल, अशी त्यांची चार दिवसांची समजूत होती. पण आई चष्मा नाकावर सरकवून, कपाळाला आठ्या घालून सुईत दोरा ओवत होती. कामावर असलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. त्या गल्लीतला नव्हता. तो तिथेच राहिला असावा, आणि तिथे पुन्हा जाणं काही आता व्हायचं नाही, हे दादांना उमगलं. त्यांना वाईट वाटलं, आणि तरी तिथून हलावंसं वाटेना.

"ती बाई काय म्हणाली गं तुला, निघताना?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत. भाषा कुठे येत होती." आईने दोऱ्याला मेण लावलं. "पण खूप काही म्हणाली."

तिने हात पुढे केला. दादांनी घडी घातलेला फर्मा तिच्या हातात ठेवला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं, आणि परत दिला.

दादांनी घडी उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.